माळावरची मडकी

तुळजाबाईनं पाणी वाहायचं बंद केलं ते चैत्रात. दुपार कलत होती. डोक्यावरची घागर तिनं खाली उतरवली, चुंबळ सोडली, फडकं झटकून खांद्यावर टाकलं आणि नवऱ्याला म्हणाली, "आजपासनं म्या पानी आननार न्हाय."

लिंबाजी आंब्याच्या रोपाशी उकिडवा बसला होता. त्याला वाटलं, आजच्यापुरतं म्हणत असेल. "बरं, उद्या आन," तो म्हणाला.

"उद्याबी न्हाय आन् परवाबी न्हाय."

जळकोटच्या दक्षिणेला, निजामाच्या मुलखात, पण सोलापूरच्या सरहद्दीकडं तोंड करून असलेलं त्यांचं गाव. गावाखाली ओढा, ओढ्याच्या काठाला आड. शेत मात्र वर, मुरमाड माळावर. खरिपात थोडी तूर-कुळीथ, आणि खालच्या अंगाला जरा काळी माती होती तिच्यात रब्बीची ज्वारी. अख्ख्या माळावर एक झाड नव्हतं. कोळपणीला आलेली माणसं बैलगाडीच्या सावलीत भाकरी खायची आणि गाडी हलवली की सावलीमागं सरकायची. लिंबाजी दरवर्षी कडब्याच्या गाड्या घेऊन नळदुर्गच्या वाटेनं सोलापूरला जायचा. वाटेत एकाची आमराई होती. तिथं बैल सोडले की त्याला उठावंसं वाटायचं नाही. आपल्या माळावर असं काही का असू नये, हे त्याच्या मनात बसलं ते बसलंच. लेकी नांदायला गेल्या होत्या, पोटाला दोघांपुरतं होत होतं, आणि पन्नाशीला आलेल्या माणसाला काही नवं करावंसं वाटलं तर त्यात वावगंही काही नव्हतं.

त्यानं आमराईतून रोपं आणली आणि लावली. पहिल्या उन्हाळ्यात ती वाळून गेली. दुसऱ्या पावसाळ्यात पुन्हा आणली, आणि हा त्यांचा उन्हाळा चालला होता. आडापासून माळापर्यंतची चढण तुळजाबाईची होती. घरचं पाणी भरून झालं, भाकरी थापून झाल्या, की ती घागर घेऊन निघायची. ती आणायची, लिंबाजी ओतायचा.

त्या दिवशी तिनं एक गोष्ट बघितली होती. लिंबाजीनं एक घागर रोपाच्या बुडाशी ओतली. पाणी क्षणभर उभं राहिलं, मग पसरलं, माती काळी झाली. ती खाली गेली, आड शेंदून पुन्हा वर आली, तोवर तिथली माती पांढरी पडली होती आणि तिला बारीक भेगा गेल्या होत्या. तिच्या मानेत कळ येत होती. ती तशीच उभी राहून त्या भेगांकडं बघत राहिली.

"काहून न्हाय आननार?" लिंबाजीनं आता उभं राहून विचारलं.

"म्या आनते, तुमी वतता, आन् ऊन पितंय," ती म्हणाली. "झाडानं पेलं असतं तर म्या आनलं असतं."

ती वाटेला लागली. लिंबाजीला राग आला. ती शेवटची घागर मात्र त्यानं ओतलीच.

दुसऱ्या दिवशी तो स्वतः आडावर गेला. पुरुषानं डोक्यावर घागर घेणं शक्य नव्हतं, म्हणून त्यानं बांबूला दोन्हीकडं शिंकी बांधून कावड केली. आडावरच्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. पारावर बसलेल्यांपैकी एकानं हाक मारली, "तात्या, कंच्या देवाला निघाली कावड?"

"माझ्या," लिंबाजी म्हणाला आणि चालत राहिला.

चढणीला लागल्यावर त्याला कळलं की पाणी जड असतं. हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही, पण खांद्याला ठाऊक नव्हतं. पाणी डुचमळायचं, बांबू मानेला घासायचा, आणि थांबावं तर कावड टेकवायला सपाट जागा मिळायची नाही. वर पोचल्यावर त्यानं पहिल्या रोपाला पाणी घालायला घागर उचलली आणि हात आखडला. इतक्या कष्टानं आणलेलं पाणी असं ओतून टाकायचं त्याच्या जिवावर आलं. त्यानं ओंजळीनं, थोडं थोडं घातलं. मग तो दिवस मावळताना पाणी घालायला लागला. ज्वारीची धसकटं गोळा करून त्यानं रोपांच्या बुडाशी पसरली, त्यावर दगड ठेवले. भेगा पडल्या की माती हलवून बुजवली. रब्बीच्या ज्वारीत तो तेच तर करायचा. एकदा कोळपं फिरवलं की भेगा बंद होतात आणि खालची ओल खालीच राहते, हे कुणब्याच्या पोराला चालायला लागल्यापासून माहीत असतं. रोपांना पाणी घालताना मात्र त्याला ते कधी आठवलं नव्हतं. पाणी तेव्हा दुसरं कुणी आणत होतं.

तरीही रोपं एकेक करून माना टाकत गेली.

एके संध्याकाळी तो घरी आला तो सदरा न काढताच बसला. तुळजाबाईनं बघितलं. सदरा खांद्याला चिकटला होता. तिनं कोमट पाण्यानं तो भिजवून सोडवला आणि सोललेल्या जागी करडईच्या तेलात हळद कालवून लावली.

मग ती म्हणाली, "रांजनाखालची वाळू कंदी वाळल्याली बगितली का तुमी?"

"कसली वाळू?"

तिनं स्वयंपाकघराच्या कोपऱ्याकडं बोट केलं. पाण्याचा मातीचा रांजण तिथं वाळूच्या ढिगावर बसवलेला होता. वाळू काळसर, ओली होती. धान्य पाखडताना सांडलेला एक हरभरा तिथं उगवून वीतभर आला होता.

"त्येला कुनी पानी घातलं न्हाय," तुळजाबाई म्हणाली. "रांजन पाझरतोय तेवढंच. वरनं ऊन न्हाय, वारं न्हाय. पानी जिथं पायजे तिथंच निगतंय."

लिंबाजी उठून रांजणापाशी गेला. त्यानं वाळूत बोट घातलं. आतपर्यंत ओल होती.

"म्हंजी मडकं पुरायचं?"

"म्या काय सांगू? म्या रोज बगते म्हनून बोलले."

गावचा कुंभार बिभीषण. सकाळी दोघं त्याच्याकडं गेले. लिंबाजीनं बेत सांगितला तसा बिभीषणाचा चेहरा पडला. तो तरणा, कामात चोख आणि मनानं हळवा माणूस. आपली मडकी मातीत पुरायला कुणी मागेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं. पण विचार करून तो म्हणाला, "बुडाला भोक पाडून देतो तात्या. पानी झटक्यानं उतरंल."

"आजाबात न्हाय," तुळजाबाई म्हणाली.

दोघांनी तिच्याकडं बघितलं.

"भोक पाडल्यालं मडकं मसनात नेत्यात, बिभीषणा. खांद्यावर घिऊन फिरत्यात आन् फोडत्यात. त्ये माझ्या शेतात नको. झाड जगवायचं हाय का त्याचं दिवस घालायचं हायत?"

बिभीषणानं जीभ चावली. "खरं हाय, काकू. ध्यानात आलं न्हाय."

"मग पाझरनारं दे. बिनभोकाचं."

हे बिभीषणाला आणखी लागलं. "काकू, माजं मडकं पाझरतंय म्हनून गावात बोभाटा झाला तर माज्याकडनं पान्याची घागर कोन घेईल?" त्याची बायको धुरपदाबाई दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "मागच्या भट्टीची कच्ची ऱ्हायलेली पडल्यात की परसात. पाऊस आल्याला, भट्टी इझली व्हती. ती कुनी घेत न्हाय. ती द्या."

बिभीषण बायकोकडं रागानं बघत राहिला, पण मडकी दिली. दाण्याच्या बदल्यात दिली, आणि गावात सांगू नका अशी गळ घातली.

लिंबाजीला पूर्वीइतकीच झाडं लावायची होती. तुळजाबाईनं त्याला माळावर नेलं आणि म्हणाली, "दोगांनी आनायचं. एक खेप तुमची, एक माजी. त्याच्यात जेवडी भागतील तेवडीच झाडं. आनि आयती रोपं आनायची न्हाईत, मुळं तुटत्यात त्येंची. कोय हितंच रुजवायची."

"बरीच कमी व्हतील की."

"मेलेली मोजायची का जगलेली?"

ते त्यानं मुकाट्यानं मान्य केलं. पावसाळ्याच्या तोंडावर दोघांनी खड्डे घेतले. मुरूम पहारीनं फोडावा लागला. खड्ड्यात काळी माती आणि शेणखत भरलं, मडकं गळ्यापर्यंत पुरलं, हातभर अंतरावर कोय लावली. तोंडावर सपाट दगड, भोवती धसकटं. पाऊस होता तोवर मडक्यांचं काही काम नव्हतं. हिवाळा सरला तशी त्यांनी ती भरायला सुरुवात केली.

पहिल्यांदा मडकं भरून दुसऱ्या दिवशी लिंबाजीनं दगड उचलून बघितलं. पाणी जवळजवळ तेवढंच होतं. तो निराश झाला. बिभीषणाची मडकी पाझरत नाहीत, असं त्याला वाटलं. पण काही दिवसांनी पाणी तळाला गेलं होतं, वरची माती कोरडीच होती, आणि खुरप्यानं उकरलं तर बोटभर खाली गार ओल लागली. तो तसाच गुडघ्यांवर बसून राहिला. मग त्यानं उकरलेली जागा परत नीट बुजवली.

तुळजाबाईनं मडक्यांच्या दुसऱ्या अंगाला दोडका आणि भोपळ्याच्या बिया टोचल्या. त्या वैशाखात, सगळ्या गावात हिरवं पान नव्हतं तेव्हा, तिच्याकडं दोडकी होती. तिनं पहिली पाटी धुरपदाबाईकडं पाठवली. मग गुपित कसलं राहतंय? पारावरची माणसं एकेक करून माळावर येऊन बघून जायला लागली. कावडीवरून हसणाऱ्यानं कसनुसं तोंड करून विचारलं, "तात्या, मडकं केवढ्याला पडलं?" लिंबाजीनं त्याला बिभीषणाकडं पाठवलं. ज्या बिभीषणाला पाझरणारी मडकी द्यायची लाज वाटत होती त्याला आता कच्ची भट्टी मुद्दाम लावावी लागायला लागली.

आंबे दोन वर्षांत कमरेएवढे झाले. दोघं एकाआड एक खेप करायचे. चढणीवर समोरासमोर आले की तुळजाबाई बाजूला होऊन भरल्या कावडीला वाट द्यायची, आणि ती भरून येत असली की तो द्यायचा. वाटेजवळच्या झाडांना पाणी सोयीचं होतं, ती मडकी रिकामी व्हायच्या आतच भरली जायची. माळाच्या पार कडेला, बांधाजवळ होती तिथवर जायचं पायांच्या जिवावर यायचं. "उद्या बगू," म्हणून ती राहून जायची.

मग अठ्ठेचाळीस सालचा उन्हाळा आला. निजामाचं राज्य हलायला लागलं होतं. गावोगाव धाडी पडत होत्या, कुठं गंजी पेटत होत्या, कुठं माणसं उचलून नेली म्हणत होते. खरं किती आणि ऐकीव किती हे कुणालाच कळत नव्हतं, आणि भीतीला त्याची गरजही नव्हती. शेजारच्या गावावर धाड पडल्याची खबर आली तशी माणसं गाड्या जुंपून सरहद्दीपलीकडं निघाली. तिकडं छावण्या होत्या.

तुळजाबाईनं गाठोडं बांधलं आणि शेजाऱ्याच्या गाडीत चढली. त्यांचे बैल आधीच लेकीकडं पाठवलेले होते. लिंबाजी काही येईना.

"कुठं ऱ्हायले ओ?" गाडीवानानं विचारलं.

तिला माहीत होतं. लिंबाजी खांद्यावर कावड घेऊन आडाकडून माळाकडं चढत होता. तिला इतका संताप आला की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. गाडीवान म्हणाला, "काकू, थांबता यायचं न्हाय. मागं पोरंबाळं हायत."

"तुमी व्हा फुडं," ती म्हणाली, आणि गाठोडं घेऊन खाली उतरली.

माळाच्या वाटेवर तिनं त्याला गाठलं. "झाडापायी जीव देता का?"

"मडकी रिकामी हायत," तो म्हणाला. "कंदी येऊ आपुन, काय ठावं. एकदा भरली की चाललो."

"मला एकटीला गाडीत घालून?"

"तू ऱ्हानार न्हाईस, ठावं व्हतं मला," तो खाली बघत म्हणाला.

तिनं गाठोडं एका झाडाच्या बुडाशी ठेवून तिथली रिकामी घागर उचलली आणि आडाकडं निघाली. दोघांनी पाणी वाहिलं. गावात धूर नव्हता, माणसाचा आवाज नव्हता, आडावर कुणी नव्हतं. वाटेजवळची सगळी मडकी भरली. कडेच्या झाडांपर्यंत पोचता पोचता दिवस मावळतीला आला. उत्तरेकडं, लांब, धुराची एक काळी रेघ उभी राहिली.

"बास झालं," तुळजाबाई म्हणाली.

"कडंची ऱ्हायली की."

"ऱ्हाऊ द्या. चला."

या वेळी तो हट्ट धरून बसला नाही. त्यानं कावड तिथंच टाकली. शेताशेतातून, वाट सोडून, ते सरहद्दीकडं चालत निघाले.

छावणीतले दिवस लांब होते. ताडपत्रीखाली दहा घरं, पाण्याला रांग, आणि दिवसभर करायला काही नाही. लिंबाजी दर दोन दिवसांनी म्हणायचा, "आता मडकी तळाला गेली असतील." मग म्हणायचा, "आता संपली असतील." तुळजाबाई ऐकून घ्यायची. एकदा ती म्हणाली, "आता ती त्येंची ती हायत." त्यानंतर त्यानं झाडांचं नाव काढलं नाही. पाऊस आला. छावणीत हगवण लागली, काही म्हातारी माणसं गेली. भादव्यात हिंदुस्थानचं सैन्य आलं, निजामानं हत्यार खाली ठेवलं, आणि माणसं गावाकडं परतायला लागली.

घराचं दार नव्हतं. आढ्याची लाकडं कुणीतरी नेली होती. रांजण फुटून पडला होता. तुळजाबाईनं खापरं एका कोपऱ्याला सारली आणि भिंतीला टेकून बसली.

बिभीषण भेटायला आला. तो आणि धुरपदाबाई गाव सोडून गेले नव्हते. तो दारातच उभा राहिला. "तात्या, म्या एकदाबी माळावर गेलो न्हाय," तो म्हणाला. "भ्यालो. धूर दिसंल म्हनून भट्टीसुदीक पेटवली न्हाय. तुमच्या झाडांला चार घागरी घातल्या असत्या तर..."

"जिवंत हाईस न्हवं?" लिंबाजी म्हणाला. "बस खाली."

माळावर ते दुसऱ्या दिवशी गेले. पावसानं गवत गुडघ्यापर्यंत आलं होतं. वाटेजवळची झाडं उभी होती, पण काडी झालेली. लिंबाजीनं एकाची फांदी मोडली, कडकन तुटली. दुसऱ्याची मोडली. तो पुढं जात राहिला. तुळजाबाई त्याच्यामागं. निम्मी झाडं अशीच गेली होती.

कडेची, बांधाजवळची झाडं हिरवी होती. खालची पानं गळलेली, एका अंगानं करपलेली, पण शेंड्याला तांबूस कोवळी पालवी होती. ज्यांची मडकी भरायची राहून गेली होती तीच ही.

"हे उलटं कसं झालं?" लिंबाजी म्हणाला.

त्यानं पहार आणून वाटेजवळचं एक मेलेलं झाड खणलं. खोलात मुळं नव्हतीच. सगळी मडक्याकडं गेली होती. केसांसारख्या बारीक मुळांनी मडक्याला असं वेढलं होतं की माती झटकली तरी मडकं दिसेना. झाड उपटलं तसं मडकंही वर आलं, मुठीत धरल्यासारखं. मग त्यानं कडेच्या एका झाडाशी हळूहळू, अंतर ठेवून खणलं. तिथं मडक्याला थोडी मुळं होती, पण एक अंगठ्याएवढं मूळ सरळ खाली, फोडलेल्या मुरमाच्या फटीत गेलं होतं. तो खणत राहिला, ते मूळ संपेना. अखेर त्यानं माती परत लोटली.

तुळजाबाई मेलेलं झाड हातात घेऊन बसली होती. "हेंला मागायच्या आधी मिळायचं," ती म्हणाली. "मग कशाला जातंय खाली?"

"म्हंजी आपुनच मारली."

"मारली कुठं? जगवायचं ठावं व्हतं तेवडं केलं." तिनं झाड खाली ठेवलं. "पन कमी करायचं ठावं नव्हतं."

त्या वर्षी आधी घराला दार झालं, मग आढं. रब्बीची ज्वारी पेरली. आंब्याच्या कोया जून महिन्यातच मिळायच्या, म्हणून मेलेल्या झाडांचे खड्डे तसेच राहिले. पुढच्या पावसाळ्यात त्यांनी तिथं नव्या कोया लावल्या, आणि उन्हाळा आला तसं दोघांनी ठरवलं की पहिल्या वर्षी मडकी वेळच्या वेळी भरायची आणि दुसऱ्या वर्षी खेपांमधलं अंतर वाढवत न्यायचं. ठरवणं सोपं होतं.

दुसऱ्या वर्षीच्या वैशाखात एका दुपारी एका झाडाची पानं खाली लोंबायला लागली. मडकं रिकामं होतं. लिंबाजीनं ते बघितलं आणि कावड उचलली. तो दोन पावलं गेला असेल, तुळजाबाईनं कावडीचं शिंकं धरलं.

"ऱ्हाऊ द्या."

"मरंल ते."

"मरंलबी. सकाळी बगू."

तो उभा राहिला. कावड टाकावी की खाली जावं हे त्याला ठरवता येईना. झाडाकडं बघवतही नव्हतं. शेवटी तो कावड टेकवून बांधावर बसला, झाडाकडं पाठ करून. तुळजाबाई त्याच्या शेजारी बसली. तिचंही लक्ष मागंच होतं, पण तिनं वळून बघितलं नाही. ऊन उतरेपर्यंत दोघं तसेच बसले, पाऊसपाण्याचं, लेकींचं बोलत.

सकाळी तांबडं फुटताना ते माळावर आले. गार वारं होतं. झाडाची पानं वर आली होती. सगळी नाही, पण शेंड्याची आली होती. लिंबाजीनं एक पान बोटांत धरून बघितलं आणि सोडून दिलं.

"आज भरायचं?" त्यानं विचारलं.

"परवा," तुळजाबाई म्हणाली.